आठ मिलिमीटरचं मनगट: दा विंची एक्सआयच्या एंडोरिस्ट हत्यारांचं परीक्षण

रोबोटिक सर्जरीच्या जाहिरातीत कायम चार हातांचं ते भलंमोठं यंत्र दिसतं. पेशंटच्या पोटात मात्र त्यातलं काहीच जात नाही. आत जातो 8 मिलिमीटर जाडीचा एक दांडा, आणि त्याच्या टोकाला असतं बोटाच्या पेरापेक्षाही लहान मनगट. इंट्युटिव्ह कंपनीच्या दा विंची या सर्जरीच्या रोबोटला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) 2000 साली परवानगी दिली. सध्या बहुतेक ओटींत, म्हणजे ऑपरेशन थिएटरांत, दिसणारं एक्सआय मॉडेल 2014 चं. एवढ्या वर्षांत सर्जन ज्यावर बसून रोबोट चालवतो तो कन्सोल बदलला, कॅमेरा बदलला, हात छतावरून खाली आल्यासारखे लटकू लागले, पण मनगटाची मूळ कल्पना तीच राहिली: तार आणि कप्पी. हे परीक्षण त्या मनगटाचं, म्हणजे एंडोरिस्ट नावाच्या हत्यारांचं आहे, रोबोटचं नाही. रोबोट एकदाच घेतला जातो. हत्यारं दर महिन्याला लागतात, आणि हॉस्पिटलचे पैसे खरे तिथे मुरतात.

आधी रचना, कारण बिघाड कुठून सुरू होतो ते रचनेतच दिसतं. मागच्या बाजूला हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची डबी, म्हणजे हाऊसिंग. तिच्या तळाशी फिरत्या चकत्या. रोबोटच्या हातातल्या मोटरी ड्रेपवरच्या (हातावर चढवलेलं निर्जंतुक आवरण) स्टराईल अडॅप्टरमधून या चकत्या फिरवतात. हत्यारात स्वतःची मोटर नाही, म्हणूनच ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टाकता येतं. चकत्यांवर गुंडाळलेल्या तारा दांड्यातून पुढे जातात. तारा टंगस्टनच्या, आणि प्रत्येक तार म्हणजे केसाहून बारीक धाग्यांचा पीळ. दांड्याच्या मधल्या सरळ भागात तारेऐवजी ताठ स्टीलची बारीक नळी असते. सरळ भागाला वाकायचं नसतं, आणि नळी तारेपेक्षा कमी ताणली जाते. मनगटापाशी पुन्हा तार येते, ती लहानशा कप्प्यांवरून वळून जबड्यांना जाऊन मिळते.

हत्याराच्या चार हालचाली मोटरींवर चालतात: दांडा स्वतःभोवती फिरणं, मनगट वाकणं, आणि दोन्ही जबडे वेगवेगळे हलणं. दोन्ही जबडे एकाच दिशेला गेले की मनगट आडवं वळतं, विरुद्ध दिशांना गेले की तोंड उघडतं किंवा मिटतं. आत-बाहेर, वर-खाली आणि डावी-उजवीकडे या उरलेल्या तीन हालचाली रोबोटचा हात देतो. सात अंशांचं स्वातंत्र्य म्हणतात ते हे. यातली खुबी अशी की मनगट वाकलं की जबड्यांच्या तारांची वाट लांबते किंवा आखडते. म्हणून फक्त मनगट वाकवायचं असलं तरी संगणक जबड्यांच्या चकत्याही थोड्या फिरवून हिशेब जुळवतो. एक तार जराशी सैल पडली की हा हिशेब चुकतो, आणि सर्जनला वाटतं ‘आज हत्यार ऐकत नाहीये’. खरं तर ते ऐकत असतं, फक्त अर्धा मिलिमीटर उशिरा.

वापरातला अनुभव कसा? टाके घालायला याला तोड नाही, हे निःसंकोच सांगता येतं. साध्या लॅप्रोस्कोपीच्या नीडल होल्डरला मनगट नसतं आणि पोटाच्या भिंतीवर टेकल्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. इथे दोन्ही त्रास नाहीत. फाइन सेटिंगवर सर्जनचा हात 3 सेंटीमीटर हलला तर टोक 1 सेंटीमीटरच हलतं, आणि हाताची थरथर गाळली जाते. प्रोस्टेट काढल्यावर ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशय आणि मूत्रमार्ग जोडायचा असतो. तिथे सरळ हत्याराने सुईला हवा तो कोन देणं कर्मकठीण. लार्ज नीडल ड्रायव्हर तिथे वसूल होतो. हेच हत्यार पित्ताशय काढायला वापरलं तर मनगटाचा फार उपयोग होत नाही. तिथे साधी लॅप्रोस्कोपी स्वस्त आणि पुरेशी आहे, कोणी काहीही म्हणो.

दुसरी बाजू स्पर्शाची. एक्सआयवर तो जवळपास शून्य. टाक्याचा धागा किती ताणला हे डोळ्यांनी ओळखायचं, ऊती पांढरी पडते का, धागा चपटा होतो का ते बघून. नवशिक्या हातून पातळ धागा तुटतो तो यामुळेच. मोटरीच्या करंटवरून टोकावरचं बळ का मोजता येत नाही, असा प्रश्न इंजिनिअर मंडळी हमखास विचारतात. कारण सरळ आहे: कॅन्यूलाचं (पोटाच्या भिंतीत बसवलेली नळी, जिच्यातून हत्यार आत जातं) सील, दांड्यातलं घर्षण, कप्प्यांचं घर्षण आणि तारेचा ताण हे सगळं त्या करंटमध्ये मिसळलेलं असतं, आणि ऊतीवरचं बळ त्यापुढे नगण्य. मोजायचं तर सेन्सर टोकाजवळ हवा. 2024 मध्ये परवानगी मिळालेल्या दा विंची 5 मध्ये खास हत्यारांसाठी तशी सोय आली आहे. एक्सआय असलेल्यांना मात्र डोळ्यांवरच भागवावं लागणार.

मग हे आणखी बारीक का करत नाहीत? तार जितक्या लहान कप्पीवरून वळते तितकी ती लवकर थकते, कारण प्रत्येक वळणाला बाहेरचे धागे ताणले जातात आणि आतले चेपले जातात. कप्पी अर्धी केली तर तार त्या प्रमाणात बारीक करावी लागते, आणि मग पकडीचं बळ घटतं. जुन्या एसआयसाठी 5 मिलिमीटरची हत्यारं होती. त्यांत कप्प्यांऐवजी एकावर एक रचलेल्या मणक्यांसारखी सापाची मान होती. ती वळते, पण वळायला जास्त जागा घेते, म्हणून लहान मुलांच्या पोटात उलट अडचण व्हायची. एकाच छिद्रातून काम करणाऱ्या एसपी मॉडेलची हत्यारं 6 मिलिमीटरची आहेत, पण ती जातात 25 मिलिमीटरच्या नळीतून. बारीक हत्यार म्हणजे बारीक जखम, असं सरळ गणित इथे चालत नाही.

आता कुठलं हत्यार घ्यायचं ते. कॅटलॉग जाडजूड आहे आणि विक्रेता तो संपूर्ण दाखवतो. नव्या सेंटरने युरॉलॉजी आणि गायनॅकसाठी सुरुवात मोनोपोलर कात्री (करंटने कापणारी), मेरीलँड किंवा फेनेस्ट्रेटेड बायपोलर (करंटने रक्त थांबवणारे चिमटे), प्रोग्रास्प (घट्ट पकडीचा चिमटा) आणि सुई धरणाऱ्या लार्ज नीडल ड्रायव्हरच्या जोडीवर करावी. एवढ्यावर बहुतेक केसेस निघतात. मेगा सूचरकट ड्रायव्हरला धागा कापायची धार असते. सोय छान, पण नवख्याच्या हातून नको तो धागाही कापला जातो. कॅडिएर नावाच्या चिमट्याची पकड मुद्दाम हलकी ठेवलेली आहे, आतड्याला हात लावायचा तर ती. प्रोग्रास्पने आतडं धरू नये. आणि ज्याचं त्याचं काम ज्याचं त्याने करावं: नीडल ड्रायव्हरने ऊती ओढणं किंवा प्रोग्रास्पने सुई धरणं म्हणजे जबड्याचे दात आणि तारा दोन्हींची वाट. व्हेसल सीलर एक्स्टेंड 7 मिलिमीटरपर्यंतची रक्तवाहिनी बंद करतं, पण ते एकदाच वापरायचं. प्रत्येक केसला उघडायची सवय लागली की महिन्याचं बिल डोळे पांढरे करतं. बहुतेक स्टेपलरना 12 मिलिमीटरचा कॅन्यूला लागतो, ते पोर्ट (पोटावरची छिद्रं) आखतानाच लक्षात ठेवा.

मोनोपोलर कात्रीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त काळजी हिचीच घ्यावी लागते. हिच्या मनगटावर करंट असतो, म्हणून वर रबरासारखं एक टोपण बसवतात, टिप कव्हर. ते एका केसपुरतं. बसवायला सोबत आलेलंच साधन वापरायचं. बोटांनी ओढून बसवलं की ते वाकडं बसतं किंवा आतून फाटतं. दांड्यावर नारिंगी पट्टा असतो. टोपण नीट बसलं की नारिंगी रंग अजिबात दिसत नाही. दिसला तर टोपण काढून नवं लावा, ‘चालेल’ म्हणून आत घालू नका. टोपण सहज चढावं म्हणून जेल लावायचं नाही. केस चालू असताना ही कात्री दुसऱ्या हत्यारावर आपटली, तर बाहेर काढून टोपणाला चीर आहे का ते बघा. चीर केसाएवढी असली तरी करंट तिथून उडतो, आणि कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या जागी आतडं भाजतं. ते कळतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पेशंटला ताप आल्यावर. मे 2013 मध्ये कंपनीनेच या कात्रीच्या काही हत्यारांच्या दांड्यावर टोकाजवळ सूक्ष्म तडे जाऊ शकतात, अशी सूचना काढली होती. त्यामुळे टोपणाबरोबर दांड्याचा तेवढा भागही उजेडात फिरवून बघायची सवय स्क्रब नर्सने लावून घ्यावी. पाते जळकटले की ओल्या गॉजने पुसायचं, ब्लेडने खरवडायचं नाही. आणि कॉटरीची, म्हणजे करंट देणाऱ्या यंत्राची, पॉवर काम भागेल एवढीच, कारण पॉवर वाढली की गळतीची शक्यताही वाढते.

जोडणी. कॅन्यूलावर काळे पट्टे असतात, त्यांतला मधला जाड पट्टा पोटाच्या भिंतीत यायला हवा. हात त्या बिंदूभोवती फिरतो. पट्टा आत गेला किंवा बाहेर राहिला तर प्रत्येक हालचालीला भिंत ओढली जाते. त्याने पेशंटला नंतर जास्त दुखतं, आणि दांड्यावर बाजूने ताण येतो. दोन पोर्टमध्ये साधारण 8 सेंटीमीटर ठेवा. कमी ठेवलं तर बाहेर हात एकमेकांवर आपटतात, आणि दोष मात्र हत्याराला दिला जातो.

हत्यार अडॅप्टरवर बसवताना चकत्या फिरून आपली खाच शोधतात, तो खळखळ आवाज नॉर्मल. हत्यार ओळखलंच नाही, तर दहातल्या आठ वेळा ड्रेपची घडी मध्ये अडकलेली असते किंवा अडॅप्टर नीट दाबून बसलेला नसतो. काढा, घडी सरळ करा, पुन्हा बसवा. तरी नाही झालं तर दुसऱ्या हातावर लावून बघा. तिथे चाललं तर हत्यार ठीक आहे, पहिला अडॅप्टर बघा.

केसच्या मध्ये हत्यार बदलताना हिरवा दिवा लुकलुकत असेल तर नवं हत्यार आधीच्या जागेच्या थोडं अलीकडेपर्यंत आपोआप जातं. मध्ये कोणी रोबोटचा हात मोकळा करायचा क्लच दाबला की ती आठवण पुसली जाते. मग कॅमेऱ्यात बघूनच आत घालायचं. काढताना आधी सर्जनने मनगट सरळ करायचं आणि जबड्यात काही नाही याची खात्री द्यायची. वाकलेलं मनगट कॅन्यूलाच्या तोंडात अडकतं, बाहेरून जोर लावला की कप्पीवरून तार उतरते किंवा तुटते. ही मोडतोड सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात सहज टाळता येते. ऊती पकडलेली असताना यंत्र फॉल्टमध्ये गेलं तर जबडा हाताने उघडायची रिलीज किल्ली असते. ती ओटीत कुठे ठेवली आहे हे केस सुरू व्हायच्या आधी निदान दोघांना माहीत हवं. कपाटाच्या चाव्या शोधायची ती वेळ नव्हे.

तार तुटण्याआधी इशारा मिळतो. जबडे मिटल्यावर एकमेकांवर नीट बसत नाहीत, मनगट एका दिशेला चटकन आणि दुसऱ्या दिशेला रेंगाळत जातं, कप्पीपाशी एखादा धागा उभा राहिलेला दिसतो. शेवटचं लक्षण डोळ्यांना सहज दिसत नाही, त्यासाठी सीएसएसडीत (हत्यारं धुऊन निर्जंतुक करणारा विभाग) पाच पट मोठं दाखवणारा भिंगवाला दिवा ठेवा. खर्च नगण्य आहे. पोटात तुटलेल्या तारेचा तुकडा हरवला, तर टंगस्टन एक्स-रेत स्पष्ट दिसतो, तेव्हा आत चाचपडत बसण्यापेक्षा सी-आर्म, म्हणजे ओटीतलं फिरतं एक्स-रे यंत्र, मागवा.

धुलाईकडे येऊ. हत्यार मरतं ते ओटीत कमी आणि धुलाईच्या खोलीत जास्त. दांडा पोकळ, आत तारा, त्यात रक्त शिरतं. वाळलं की तारेवर कवच धरतं आणि कप्पी जड फिरते. म्हणून केस संपल्यावर तासाच्या आत धुलाई सुरू व्हायला हवी, तोवर टोक ओलं ठेवायचं. हाऊसिंगवर पाणी सोडायची छिद्रं असतात. मुख्य छिद्रातून सिरिंजने निदान 15 मिलिलिटर न्यूट्रल पीएचचं एन्झायमॅटिक द्रावण भरून भिजवायचं, मग दाबाच्या पाण्याने, निदान 30 पीएसआय, टोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं. धुताना मनगट हाताने सगळ्या दिशांना फिरवत राहायचं, नाहीतर कप्पीच्या एका बाजूची घाण तशीच राहते. मऊ नायलॉन ब्रश, मग अल्ट्रासॉनिक, पुन्हा धुणं. प्रत्येक टप्प्याची नेमकी वेळ आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतून कागदावर उतरवून सिंकच्या वर चिकटवा. तोंडी शिकवलेली वेळ दर शिफ्टला दोन मिनिटांनी कमी होते.

आपल्याकडचा खरा शत्रू पाणी. मराठवाड्यात, सोलापूरकडे किंवा पुण्याच्या नव्या उपनगरांत बोअरवेलचं पाणी जड असतं. त्याने शेवटचं धुतलं की ऑटोक्लेव्हमधून मनगटावर पांढरा क्षार घेऊनच हत्यार बाहेर येतं. क्षार कप्प्यांत बसतो, तार त्यावर घासते. शेवटचं धुणं आरओ किंवा डीमिनरलाइज्ड पाण्यानेच करा. नंतर टोक खाली करून उभं टांगून निथळवा, फिल्टर केलेल्या हवेने दांडा फुंकून काढा. आत पाणी राहिलं की पॅक ओलं निघतं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. मनगटाला वाफ जाऊ देणारं लुब्रिकंट चालतं, शिवणयंत्राचं किंवा सिलिकॉनचं तेल नाही. हत्यारांना 132 ते 134 अंशांची वाफ चालते, पण एक्सआयचा कॅमेरा वाफेत अजिबात घालायचा नाही, त्याला प्लाझ्मासारखं कमी तापमानाचं स्टरिलायझेशन. दोघांचे ट्रे सारखे दिसतात, म्हणून कॅमेऱ्याच्या ट्रेला लाल टेप लावून ठेवलेली बरी.

शेवटचा आणि सगळ्यात बोचणारा मुद्दा, मोजणी. हत्यारात चिप असते आणि ती वापर मोजते. सुरुवातीला बहुतेक हत्यारांना 10 वापर होते. 2020 पासून कंपनीने एक्स आणि एक्सआयच्या काही हत्यारांचे वापर 12 ते 18 पर्यंत वाढवले. एका केसमध्ये हत्यार कितीदा आत-बाहेर केलं तरी वापर एकच मोजला जातो. मोजणी संपली की रोबोट ते स्वीकारत नाही, तार कितीही घट्ट असो. याचं समर्थन करता येतं: तारेचा थकवा बाहेरून दिसत नाही, आणि पोटात तार तुटण्यापेक्षा आधी फेकलेली बरी. पण अर्ध्या तासाची सिस्ट आणि सहा तासांची केस दोन्हींना एकच वापर मोजणं ही काही थकव्याची मोजणी नव्हे, बिलाची आहे. अमेरिकेत या मर्यादेवरून कोर्टकज्जे झाले, आणि 2022 मध्ये एफडीएने एका त्रयस्थ कंपनीला कात्री पुनर्निर्मित करून विकायला मंजुरी दिली. ती मंजुरी जुन्या एस आणि एसआय मॉडेलच्या कात्रीपुरती होती. एक्सआयवाल्यांना तिचा उपयोग नाही.

हिशेब मात्र साधा ठेवता येतो. समजा एक हत्यार एक लाखाला पडलं आणि त्याला 10 वापर आहेत, तर प्रत्येक केसला दहा हजार. नुसतं ‘असू दे हाताशी’ म्हणून जोडलेल्या चौथ्या हत्याराची किंमत ती. म्हणून सर्जनच्या पसंतीच्या यादीत ‘उघडून ठेवा’ आणि ‘मागितल्यावर उघडा’ असे दोन रकाने करा. प्रत्येक हत्याराच्या उरलेल्या वापरांची नोंद वहीत ठेवा, आणि एकच वापर उरलेलं हत्यार लांबच्या केसला पाठवताना सोबत दुसरं तयार असू द्या. सातव्या वापरातच तार गेली तर उरलेल्या वापरांबद्दल भरपाई कशी मिळणार, हे करारात लेखी घ्या. धुलाईच्या नोंदी नसतील तर भरपाईच्या वेळी तुमची बाजू लंगडी पडते.

पर्याय आहेत का? केंब्रिजच्या सीएमआर कंपनीच्या व्हर्सियसची हत्यारं 5 मिलिमीटरची आहेत आणि मनगटाचीही. माणसांवरची तिची पहिली चाचणी 2019 मध्ये पुण्यातच झाली. गुरुग्रामची एसएसआय मंत्रा इथे बनते, त्यामुळे सुट्या भागांची वाट बघणं कमी, असा तिच्या बाजूचा युक्तिवाद. दोन्हींत हात वेगवेगळ्या गाड्यांवर असतात, ओटीची जागा मोजून घ्या. घाईने तुलना करणाऱ्यांना एकच सुचवणं: डेमोला गाठ मारून दाखवतात ती बघू नका, 3-0 जाडीच्या धाग्याने खोल कोपऱ्यात सलग दहा टाके घालून बघा आणि दहाव्या टाक्याला मनगट पहिल्याइतकंच चटकन वळतं का ते पाहा. मग तेच हत्यार आपल्या सीएसएसडीच्या माणसाच्या हातात देऊन विचारा, हे किती वेळात धुऊन होईल.

आणि मोजणी संपलेलं एखादं हत्यार भंगारात देऊ नका. त्याची डबी उघडून तारांची वाट नव्या मुलांना दाखवा.